विडी ओढणाऱ्या बाबांची एकदा सोनोग्राफी करा

शेतकरी बंधूंनो, करप्यावर लिहिणारा माणूस आज पोटावर लिहितोय, म्हणून हसू नका. बोईसर-तारापूर पट्ट्यात ओट्यावर विडी ओढत बसलेले पासष्टीपुढचे बाबा घरोघर आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हृदयातून निघणारी मुख्य धमनी पोटातून खाली जाते. तिथे ती साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. विडीचा धूर, वय आणि रक्तदाब यांनी तिची भिंत कमजोर झाली, की जुन्या रबरी पाइपासारखा फुगा येतो. बहुतेकांना काहीच दुखत नाही. पुरुषांत तो साडेपाच सेंटिमीटरला गेला की डॉक्टर दुरुस्ती सुचवतात. फुटला तर बहुतेक माणसं हातची जातात. शास्त्रज्ञ आइनस्टाइन १९५५ साली याच दुखण्याने गेले.

पूर्वी पोट उघडून कृत्रिम नळी शिवणं, एवढाच इलाज होता. १९९० मध्ये अर्जेंटिनाच्या डॉ. पारोडींनी जांघेतल्या धमनीतून आत नळी बसवली. पण फुगा जर मूत्रपिंड, आतडी यांच्या फाट्यांवरच असेल तर? आपला सूर्याचा पाट आठवा. खचलेल्या जागी आत पाइप टाकला, तर तिथून निघणाऱ्या चाऱ्यांची तोंडं बुजतील आणि शेतं वाळतील. म्हणून सर्जन आधी पोट उघडून खालच्या शाबूत धमनीतून त्या फाट्यांना वेगळी वाट जोडतात, मग आतून नळी बसवतात. (पाट उलटा वाहत नाही, रक्त दाबाने वाहतं, म्हणून हे जमतं.) छाती उघडावी लागत नाही. तरी हे मोठंच ऑपरेशन आहे, आणि पुढे जन्मभर तपासणी चुकत नाही.

असली कामं मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत होतात. फुगा फुटल्यावर पालघरहून शंभरेक किलोमीटर गाठणार कसे? फुगा सापडतो मात्र साध्या सोनोग्राफीत, आणि तेवढी सोय पालघर-बोईसरला आहे. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे ते मशीन गावोगाव फिरवता येत नाही. तेव्हा सरपंच आणि भाऊसाहेबांनी शिबिरात नुसतं बीपी-शुगर मोजून फोटो काढण्यापेक्षा, विडी ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या पासष्टीपुढच्या बाबांना एक दिवस गाडी करून तिथे न्यावं. फुगा निघाला तर महात्मा फुले योजनेत कोणतं ऑपरेशन कुठे बसतं, ते आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून तेव्हाच विचारावं.

आणि म्हाताऱ्या माणसाच्या पोटात-पाठीत अचानक जोराची कळ येऊन घेरी आली, तर मूतखडा समजून ओवा-सोडा देत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.