दुकानातला क्यूआर कोड नेमका कुणाच्या नावावर आहे?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या मीना बाजारात बांगड्या घ्या, अत्तर घ्या नाहीतर शेवया घ्या, पैसे द्यायची वेळ आली की पुढ्यात क्यूआर कोडचं स्टिकर येतं. बेगम पेठेतला चहावाला असो की नई जिंदगीतला किराणा, सगळीकडे हेच. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा युपीआय जेमतेम काही महिन्यांचं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये देशभरात एका महिन्यात युपीआयवरून 2 हजार कोटींपेक्षा जास्त व्यवहार झाले. सुट्ट्या पैशांवरून होणारी रोजची हुज्जत संपली. जानेवारी 2020 पासून युपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर दुकानदाराला कमिशनही द्यावं लागत नाही. म्हणजे सोय झाली, यात वाद नाही.

या विषयावर आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक फसवणुकीचं. खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारा गिऱ्हाईक, "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा फोन. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे आता बऱ्याच जणांना कळलंय. पण दुसरा एक प्रश्न घराघरात आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. स्टिकर दुकानावर लागलंय, पैसे कुणाच्या खात्यात जातात?

30 जून 2025 पासून युपीआय अॅपवर पैसे देण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवणं बंधनकारक झालं. तेव्हापासून ही गोष्ट गिऱ्हाइकालाही दिसायला लागली. पाटीवर अब्बांचं नाव, मोबाइलवर धाकट्या मुलाचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारी बाई, आणि स्कॅन केलं की नाव येतं तिच्या नवऱ्याचं किंवा दिराचं. यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. स्मार्टफोन मुलाकडे होता, त्यालाच अॅप चालवता येत होतं, कंपनीचा माणूस दारात आला तेव्हा तोच घरी होता. शिवाय आपल्या नावांचाही घोळ असतो. आधारवर 'शेख' आधी, पॅनवर शेवटी, कुठे 'मो.' तर कुठे 'मोहम्मद', आणि बायकांच्या नावापुढचं 'बी' एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. केवायसी अडकते, मग "माझ्या नावावर करून टाकू" असं ठरतं.

आधी बायकांच्या कमाईचं बघू. विडी कारखान्यात बिड्या देऊन मिळालेली मजुरी असो, युनिफॉर्मच्या शिलाईचे, काज-बटणाचे पैसे असोत, ते हातात यायचे. त्यातले काही डब्यात जायचे, काही भिशीत, आणि उरलेल्यात काय घ्यायचं ते ती ठरवायची. रक्कम लहान, पण ताबा तिचा होता. आता पैसे खात्यात येतात. लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपयेही 2024 पासून आधारशी जोडलेल्या तिच्याच खात्यात जमा होतात. मात्र त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बऱ्याच घरांत नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. युपीआय चालतं ते या नंबरावर. ओटीपीही त्यावरच येतो. खातेदार ती, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 78.6 टक्के स्त्रियांनी स्वतः वापरत असलेलं बँक खातं असल्याचं सांगितलं. स्वतः वापरायचा मोबाइल मात्र जवळपास 54 टक्के स्त्रियांकडेच होता. या दोन आकड्यांमधली बाई आज किराणा आणायला निघाली की मुलाला म्हणते, "जरा पैसे टाक रे." तिचेच पैसे, आणि मागायचे तिनंच. घर गुण्यागोविंदानं चालत असेल तर यात काही खटकत नाही. तलाक, विधवापण किंवा नुसता अबोला वाट्याला आला, की मग त्याच खात्यातून स्वतःचे पैसे काढणं अवघड होऊन बसतं.

यात आणखी एक धोका आहे. डेबिट कार्ड आणि साधं युपीआय आपलेच पैसे हलवतात. पण आता त्याच अॅपमध्ये 'पे लेटर' असतं, युपीआयला जोडलेलं रूपे क्रेडिट कार्ड असतं, बँकेची क्रेडिट लाइनही असते. स्कॅन तेच, बटण तेच, फक्त पैसे उधारीचे. अम्मीच्या नावावर ही सोय कुणी चालू केली तर कर्जदार अम्मीच ठरते, हप्ता चुकला तर व्याजही तिच्याच नावावर चढतं. व्याजाबद्दल आपल्याकडे काय मानलं जातं हे सांगायला नको. ओआयसीच्या फिकह अकादमीनं 2000 साली रियाधमध्ये, व्याजाची अट असलेलं क्रेडिट कार्ड मुदतीत पैसे भरायचा इरादा असला तरी जायज नाही, असं म्हटलं होतं. कुणी हे मत मानेल, कुणी आपल्या आलिमांना विचारेल. पण ज्या बाईच्या नावावर कर्ज चढतंय तिला त्याची खबर तरी असावी.

आता दुकान. समजा वडिलांनी तीस वर्षं चालवलेलं दुकान आहे आणि गल्ल्यातली निम्मी विक्री मोठ्या मुलाच्या बचत खात्यात जमा होते. वडील हयात आहेत तोवर कुणी हिशेब विचारत नाही. त्यांचा इंतकाल झाला की वारसा वाटायचा असतो. पत्नीचा आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा. पण बँकेच्या कागदावर ते पैसे वडिलांचे नाहीतच. मोठा मुलगा इमानदार असला तर वाटून देईल, नसला तर बहिणींनी काय दाखवायचं? पूर्वी गल्ला आणि वही दुकानातच असायची, सगळ्यांना दिसायची. नॉमिनीबाबतही गैरसमज आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे बँकेतून घेतो, वारसांचे हिस्से तसेच राहतात.

ज्याच्या खात्यात पैसे येतात तोही सुखात असतो असं नाही. दुकानाची उलाढाल त्याच्या पॅनवर दिसते. जुलै 2025 मध्ये शेजारच्या कर्नाटकात युपीआयची जमा पाहून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत दुकानांवर 'युपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मालाच्या विक्रीत जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची आहे. नोकरी करणाऱ्या मुलाच्या खात्यात पगार, दुकान, मित्रांची देवाणघेवाण सगळं एकत्र झालं तर विक्री किती, हे तोच सांगू शकणार नाही.

खातं गोठण्याचंही तसंच. कुठेतरी फसवणूक होते, तक्रार 1930 वर जाते, ते पैसे ज्या-ज्या खात्यांतून फिरले तिथे बँक हात घालते. चोरीच्या पैशातून कुणी तुमच्याकडून दोन किलो साखर नेली तरी तुमचं खातं त्या साखळीत येऊ शकतं. केरळमध्ये असे प्रकार झाले तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलं की गोठवायची ती वादातली रक्कम, अख्खं खातं नाही. अशा वेळी दुकानाचं बिल दाखवावं लागतं. खातं मुलाचं, बिल वडिलांचं, मग खुलासा कुणी करायचा?

नाव स्वतःचं असण्याचा फायदाही आहे. फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेत आता पहिलं कर्ज 15 हजारांचं, मग 25 आणि 50 हजारांचं मिळतं, आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही. लक्ष्मी मंडईत भाजी विकणाऱ्या बाईची विक्री मुलाच्या क्यूआरवर होत असेल, तर तिच्या नावावर ती विक्री दिसणार कशी? तसंच जनधन खात्याच्या रूपे कार्डाचं. ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्या खात्यावर 2 लाखांचा अपघात विमा आहे, पण अपघाताआधीच्या 90 दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. कपाटात जपून ठेवलेल्या कार्डाचा विमा कामाला येत नाही. दोन महिन्यांतून एकदा एटीएममध्ये जाऊन 100 रुपये काढले तरी अट पूर्ण होते.

एका घरात एकच खातं वापरायचं असेल तर ऑगस्ट 2024 मध्ये आलेलं युपीआय सर्कल बरं. त्यात पिन न सांगता दुसऱ्याला आपल्या खात्यातून महिन्याला 15 हजारांपर्यंत खर्च करू देता येतं. पुण्यात शिकणाऱ्या मुलासाठी ते ठीक आहे. कमावत्या बाईला मात्र तिचंच खातं हवं. पिन मुलाला सांगून ठेवणं तर नकोच. फसवणूक झाली तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे तो खातेदाराचाच निष्काळजीपणा धरला जातो, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी येतं.

दुरुस्ती फार मोठी नाही. आधी आधार आणि पॅनवरचं नाव एकसारखं करून घ्यावं, मग शाखेत स्वतः जाऊन खात्याला आपला नंबर जोडावा. स्मार्टफोन नसला तरी साध्या फोनवर *99# वरून युपीआय चालतं. दुकानाचं वेगळं खातं काढून त्याच्यावर नवा क्यूआर मागवावा. एवढं झाल्यावर जुनं स्टिकर खरवडून काढायचं. ते काउंटरवर तसंच राहिलं तर गिऱ्हाईक सवयीनं तेच स्कॅन करतं.