फ्रेंच पाहुणा, स्पॅनिश श्रोते

फ्रेंच कादंबरीकार माद्रिदच्या वाचकांसमोर बोलणार असेल, तर आयोजकाला दुभाषी लागतो, अनुवादक नव्हे. अनुवादकाला मागची पाने पुन्हा उलटता येतात, दुभाष्याला वाक्य एकदाच ऐकायला मिळते. तरीही त्या कादंबरीच्या अनुवादकालाच मंचावर बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तो बिचारा पुस्तक कोळून प्यालेला असतो, पण चार मिनिटांचे सलग बोलणे टिपून लगेच दुसऱ्या भाषेत मांडणे ही वेगळीच विद्या आहे. जिनिव्हात ती १९४१ पासून विद्यापीठात शिकवली जाते.

नावे शोधायला परिषद-दुभाष्यांच्या ‘एआयआयसी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची सूची उपयोगी पडते. ही संघटना १९५३ सालची. तिच्या वर्गवारीत ‘ए’ म्हणजे मातृभाषा, ‘बी’ म्हणजे सफाईने बोलता येणारी दुसरी भाषा आणि ‘सी’ म्हणजे पूर्ण समजणारी, पण जिच्यात दुभाषी काम करत नाही अशी भाषा. व्याख्यान फ्रेंचमधून स्पॅनिशमध्ये न्यायला स्पॅनिश ‘ए’ आणि फ्रेंच ‘सी’ एवढे पुरते. प्रश्नोत्तरे सुरू झाली की गाडी अडते, कारण श्रोत्यांचे प्रश्न उलट दिशेने लेखकापर्यंत पोहोचवावे लागतात. तिथे फ्रेंच किमान ‘बी’ हवी. स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाची मान्यता असलेले शपथबद्ध दुभाषीही असतात. करारमदारांच्या कागदांना त्यांचा शिक्का मोलाचा, पण साहित्याची जाण त्या शिक्क्यावरून कळत नाही.

ती जाण ओळखायची सोपी खूण म्हणजे उमेदवार स्वतः काय मागतो. नुसती तारीख आणि मानधन विचारणाऱ्यापेक्षा पुस्तक, कार्यक्रम प्रदर्शनाचा असेल तर चित्रांची यादी आणि लेखक वाचणार असलेली पाने मागणारा बरा. कलेत तर प्रस्थापित नावे आधीच पाठ असावी लागतात. फ्रेंच समीक्षक ज्या स्थिरचित्राला ‘नातुर मोर्त’ म्हणतो, त्याला स्पॅनिश कलेतिहासात ‘बोदेगोन’ हा रुळलेला शब्द आहे. पुस्तकांचेही तसेच: कोर्तासारची ‘रायुएला’ ही कादंबरी फ्रेंचमध्ये ‘मारेल’ नावाने निघाली. फ्रेंच वक्त्याने ‘मारेल’ म्हटल्यावर दुभाष्याच्या तोंडून ‘रायुएला’च यायला हवे. शिवाय कोर्तासार अर्जेंटिनाचा. श्रोते ब्युनॉस आयर्सचे असतील, तर माद्रिदच्या वळणाची स्पॅनिश त्यांना परकी वाटू शकते.

उताऱ्यांचे वाचन हा सर्वांत नाजूक भाग. कविता किंवा घोटीव गद्य मंचावर आयत्या वेळी उल्था करायला लावणे म्हणजे लेखक आणि दुभाषी दोघांवरही अन्याय. छापील स्पॅनिश अनुवाद असेल तर तोच एखाद्या नटाने वाचावा, अनुवादकाचे नाव आवर्जून घ्यावे आणि दुभाष्याने तेवढा वेळ गप्प बसावे.

पुस्तक प्रकाशनासारख्या कार्यक्रमात वक्ता थांबला की दुभाष्याने बोलायचे, ही पद्धत शोभते. दिवसभराच्या चर्चासत्रात मात्र वक्ता बोलत असतानाच दुभाष्याला बोलावे लागते; त्यासाठी काचेची खोली, श्रोत्यांसाठी हेडफोन आणि साधारण अर्ध्या तासाने आलटून पालटून बोलणारे दोन दुभाषी लागतात. एकाच माणसावर दिवस काढण्याची काटकसर दुपारनंतर ऐकू येते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण पुढे प्रसारित करायचे असेल, तर दुभाष्याची परवानगी आणि त्याचे वेगळे मानधन करारातच लिहून घ्यावे.