पुरुमेंत आणि हप्ता

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात या आठवड्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, झुंबड होती: सोलां, सुके बांगडे, हरमलची मिरची, कांद्याच्या माळा. पावसाळ्याचे चार महिने आधीच घरात भरून ठेवणारी आपण माणसे, पण गृहकर्ज घेताना मात्र हप्ता हलका व्हावा म्हणून खुशाल मुदत वाढवून घेतो. हे करूच नये. 20 लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षे मुदत असा हिशेब मांडा: हप्ता साधारण 17,356 रुपये येतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले 14,167 नुसत्या व्याजात जातात! म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जमेल तेवढे जादा मुद्दल भरावे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर त्याचा दंड लागत नाही. आमच्याकडे हे जादाचे पैसे उकड्या तांदळाची पेज, मिसकूट आणि परसातली तांबडी भाजी यांतून उभे राहतात, आणि जेवण फर्मास होते. पेडण्याची आत्या फणस आणि आळसांदे पाठवते, ते वेगळेच. ह्याला कुणी ओढाताण म्हणू नये. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा याच तालुक्यात खनिजाचे ट्रक दारात उभे होते आणि त्यांचे हप्ते चालू होते. ते दिवस पाहिलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला हप्ता भरता येतो याचे मोल कळते. मी तरी पगार झाला की देवापुढे दिवा लावतो, आणि मग बँकेत जातो.