पुस्तक मिटल्यावर

उपवासकाळ आणि दहावीची परीक्षा आपल्या बेळगावात साधारण एकाच सुमारास येतात. मिस्सा संपली की पालक आम्हा धर्मशिक्षकांना गाठतात : "पोरगं पहाटे चारला उठून वाचतंय, तरी पेपरात काही आठवत नाही. प्रार्थना करा." प्रार्थना आम्ही करतोच. पण आमचं स्पष्ट मत आहे, की नुसतं वाचणं हा अभ्यास नव्हे.

धडा चौथ्यांदा वाचला की ओळखीचा वाटतो, आणि मुलाला वाटतं, आपल्याला आला. पेपरात मात्र धडा समोर नसतो. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासून दाखवलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

तेव्हा मुलांनो, धडा एकदा नीट वाचा आणि पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, हृदयाची आकृती असेल तर नावांसकट काढा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. तो लाल भाग म्हणजे तुमचा खरा अभ्यास. तोच कागद दोन दिवसांनी पुन्हा कोरा घ्या, मग आठवड्याने. गणितात सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवा. वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी मिसळून घ्या, कारण कुठली रीत लावायची हे पेपरात कुणी सांगत नाही. (गाईडमध्ये पिवळ्या रेघा मारण्यात संध्याकाळ घालवू नका, रेघा गाईडमध्येच राहतात.)

आपल्याकडे जुनी माणसं धर्मशिक्षण प्रश्नोत्तरांतूनच शिकली, तीही पुस्तक हातात न घेता. त्यात घोकंपट्टी पुष्कळ होती, म्हणून आम्ही उत्तर स्वतःच्या शब्दांत मागतो. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आहे, तोही ऐकतोय, प्रश्न विचारतोय आणि उत्तरं देतोय.

पालकांनो, यासाठी तुम्हाला विषय यायला हवा असं नाही. कन्नड न वाचता येणारी आईसुद्धा भाकऱ्या थापताना म्हणू शकते, "आजचा धडा मला सांग बघू." मूल जिथे अडखळेल तिथे खूण करायला सांगा, रागावू नका. रात्री दहाला दिवा मालवा, झोपेतही शिकलेलं पक्कं होत असतं. आणि परीक्षा आली म्हणून रविवारचा धर्मशिक्षणाचा तास बंद करू नका. तासाभराचाच प्रश्न आहे, आणि तिथेही आम्ही पुस्तक मिटूनच विचारतो.