कंपनी बदलली, भिंत तीच राहिली

शुक्रवार, बहरीनमधला सुट्टीचा दिवस. सकाळचे साडेदहा, म्हणजे पुण्यात दुपारचा एक. गुदैबिया, जुफेअरमधल्या मराठी घरांत ही आजी-आजोबांशी बोलायची वेळ. मोबाइलवर आजी झकास दिसते. मग नातू म्हणतो, मोठ्या स्क्रीनवर घेऊ. कॉल डेस्कटॉपवर जातो आणि आजीचा चेहरा ठोकळ्या-ठोकळ्यांत विरघळतो. असे तीन-चार शुक्रवार गेले की घरातला कर्ता माणूस वैतागून मोठा पॅक घेतो, नाहीतर कंपनीच बदलतो.

यातला कंपनी बदलण्याचा उपाय बहरीनमध्ये बहुतेकदा वाया जातो. 2019 मध्ये बटेल्कोपासून वेगळी काढलेली बीनेट ही कंपनी देशातलं फायबरचं जाळं सांभाळते आणि बटेल्को, झैन, एसटीसी अशा कंपन्या तिच्याकडून घाऊक भावात लाइन घेऊन ग्राहकाला विकतात. म्हणजे बिलावरचं नाव बदलतं; घरात शिरणारी काचेची तार तीच. (5जी राउटर घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं इंटरनेट टॉवरवरून येतं.)

खरं दुखणं असतं ते राउटरपासून टेबलापर्यंतच्या दहा-बारा मीटरांत.

राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर शेवटच्या खोलीत. मधे सळयांचं काँक्रीट, फ्रिज आणि आरसे लावलेलं कपाट. पाण्याची टाकी असलेलं न्हाणीघर मधे आलं तर आणखीच छान. त्यात डेस्कटॉप म्हणजे पत्र्याची पेटी. तिचा अँटेना मागच्या बाजूला आणि पेटी टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेली! फोन हातात, उघड्यावर असतो. त्याच घरात, त्याच राउटरवर तो कॉम्प्युटरला हरवतो, त्यात नवल काही नाही. पेटी टेबलावर घेतली किंवा अँटेना वायरने वर आणला तरी फरक पडतो.

मग शेजारी. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन : 1, 6 आणि 11. जुफेअरच्या एखाद्या उंच इमारतीत वायफायची यादी उघडली तर नावं संपता संपत नाहीत, आणि ती सगळी या तीन खुर्च्यांवर बसू पाहतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण त्या लहरी भिंतीपाशी लवकर दमतात. शिवाय जुन्या, स्वस्त डोंगलला अनेकदा हा पट्टा दिसतच नाही. आणि एक गंमत : यूएसबी 3.0 ची पोर्टं आणि हार्ड डिस्क स्वतःच 2.4 गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करतात, असं इंटेलनेच 2012 मध्ये लिहून ठेवलंय. डोंगल अशा पोर्टात खोचलं असेल तर हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर त्याला त्या गोंगाटातून बाहेर काढते.

हे सगळं तपासण्याआधी मात्र एक चाचणी करावी. लांब लॅन केबल आणून डेस्कटॉप थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. वेग पुरा आला, तर कंपनी निर्दोष. 500 च्या पॅकवर काटा बरोबर शंभराच्या आत अडकला, तर केबल किंवा पोर्ट तपासावं. केबलमधली एखादी जोडी तुटली की जोडणी गिगाबिटवरून 100 वर उतरते. डाउनलोडच्या खिडकीत 12 मेगाबाइट दिसले म्हणून 100 मेगाबिटच्या पॅकवाल्याने भांडायला जाऊ नये. आठ बिट म्हणजे एक बाइट, हिशेब बरोबरच असतो.

कधी दोष समुद्रातही असतो. जानेवारी 2008 अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, दोनच दिवसांनी दुबई आणि ओमानच्या दरम्यान फाल्कन केबल तुटली, आणि भारतासह आखातातलं इंटरनेट रखडलं. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तेच झालं. अशा वेळी घरातलं सगळं ठाकठीक असतं, फक्त दूरच्या देशांतलं काही उघडत नाही. खुणेची गोष्ट हीच.

एरवी मात्र जे यंत्र वर्षानुवर्षं जागचं हलत नाही, त्याला बिनतारी ठेवण्याचा हट्ट कशासाठी? जोडणी द्यायला आलेल्या फिटरने आधी ‘कॉम्प्युटर कुठे आहे?’ हे विचारायला हवं, आणि जाताना वेगाचे दोन आकडे लिहून द्यायला हवेत : राउटरपाशी तारेवरचा आणि टेबलापाशी वायफायचा. बहरीनच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हा नियम केला, तर अर्धी भांडणं काउंटरपर्यंत पोचणारच नाहीत. तोवर भाडेकरूंसाठी चपटी लॅन केबल आहेच. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, पण ही केबल दाराखालच्या फटीतून जाते. गालिचाखालून नेताना तेवढी दुमडू देऊ नये.