उताऱ्यावर बहिणीचे नाव आहे का?

जमीन हडप प्रकरणांसाठी सरकारने २०२२ साली विशेष तपास पथक नेमले, मागून निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही बसवला. पोर्तुगीज काळातले दस्त बनावट तयार करून बंद घरे, भाटे विकली गेली. त्यांत आपल्या ख्रिस्ती लोकांची पुष्कळ. जास्त गाजले ते बार्देशात, म्हणून पेडणे-डिचोलीतले आपण निर्धास्त. मोपाला विमाने उतरू लागल्यापासून इथल्या जमिनीचे भाव कुठे गेलेत ते पाहा!

लोक एक-चौदाचा उतारा काढतात, नाव दिसले की घडी घालून कपाटात. अहो, ती सर्व्हेची नोंद. उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढेच. मालकी पाहायची तर विक्रीखत, जुनी भूनोंदणी, आजोबांच्या मागे झालेली इन्व्हेंटरी शोधायला हवी. जुन्या कागदात जुवांव, सर्व्हेत जॉन; दोघे एकच हे दाखवायला चर्चमधली बाप्तिस्म्याची वही कामी येते.

आणि मुलींचे काय? आपल्या नागरी कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस, तरी उताऱ्यावर बहुधा थोरल्या भावाचेच नाव. कुवेतला नाहीतर लंडनला असलेल्या बहिणीला त्याचा पत्ताही नसतो. मला तर हीसुद्धा हडपच वाटते, फक्त हिच्यासाठी तपास पथक बसत नाही.

एखाद्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात एक वकील आणि पोर्तुगीज वाचता येणारे कुणीतरी बोलवावे. तसे वाचणारे आता आमच्याहून वडीलधारेच काय ते उरलेत.