दुष्परिणामांची मराठी

व्यावहारिक मराठीच्या तासाला ‘हार्मोन’ला ‘संप्रेरक’ हा प्रतिशब्द आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर जिची पाळी थांबली आणि मूल नसताना जिच्या स्तनांतून दूध येऊ लागले, त्या बाईला या प्रतिशब्दाचा उपयोग काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

घडते ते असे. मेंदूतील डोपामिन हे रसायन पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिनला एरवी लगाम घालते. भास-भ्रम आवरणारे औषध डोपामिनचे कार्य अडवते. भ्रम ओसरतात, पण हा लगामही सुटतो. पाळी लांबते वा थांबते, दूध येते. पुरुषांची छाती वाढते, कामेच्छा मंदावते. वर्षानुवर्षे असेच राहिले तर हाडे ठिसूळ होऊ शकतात. सर्वच औषधांत हे सारखे नसते: रिस्पेरिडोन, अ‍ॅमिसल्प्राइड यांत अधिक, अ‍ॅरिपिप्राझोलमध्ये क्वचित. याच औषधांनी कधीकाळी तीव्र ताप येऊन अंग लाकडासारखे ताठते, तेव्हा घरचे निदान रुग्णालयात धाव घेतात. प्रोलॅक्टिनचे दुखणे गुपचूप असते. साध्या रक्ततपासणीत ते कळते, डॉक्टरांना मात्रा किंवा औषध बदलता येते. पण रुग्णाने सांगितले तर.

अविवाहित मुलीने हे कोणत्या शब्दांत सांगावे? पाळी चुकली म्हटल्यावर घरात पहिला संशय कशाचा येतो, हे कादंबऱ्या शिकवणाऱ्यांना सांगायला नको. ती गप्प राहते, गोळी परस्पर बंद करते, आजार उलटतो. मग आपण म्हणायला मोकळे, की वेड्यांना औषध नकोच असते!

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २२ व्या कलमाने उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. भाषेचा प्रश्न आला, तरी आमचे काही सहकारी म्हणतात, हे वैद्यकाचे क्षेत्र, तिथे आपण लुडबूड करू नये. हेच सहकारी कथेतील वेडाला व्यवस्थेविरुद्धचे बंड ठरवून तासभर बोलतात आणि बंडखोराच्या हातातील गोळीचे नावही विचारीत नाहीत. औषध म्हणजे दडपशाही, हा त्यांचा सोयीचा सिद्धान्त आम्हांस मान्य नाही. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिले जाऊ लागले, तेव्हापासून या औषधांनी अनेकांना संसारात परत आणले आहे. गोळी हवीच, तिची किंमतही कळायला हवी.

तेव्हा पुढच्या सत्रात प्रकल्प म्हणून जाहिरातीचा मसुदा नको. एका औषधाचे मराठी माहितीपत्रक लिहायला द्या, मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. आणि त्यात ‘स्तन्यस्राव’ लिहिणाऱ्याचे गुण कापा.